जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना: इंजिनाआधी गिअरबॉक्स तपासा

वणी, हिंगणघाट, वरुड, पांढरकवडा, उमरेड. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात आज एखादी जुनी ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा लँड रोव्हर दिसतेच. कारण साधं आहे. नवी असताना ६०-७० लाखांची गाडी ८-१० वर्षांनी नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात मिळते, कधी त्याहून कमीत. त्यात दिल्लीकडच्या गाड्यांची भर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली-एनसीआरमधल्या १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी उचलून धरली आणि तिकडच्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या स्वस्तात नागपूरच्या बाजाराकडे वळल्या.

गाडी पाहायला जाणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो: किती चालली, आणि अ‍ॅव्हरेज किती देते? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्या आधी तिसरा विचारायला हवा: गिअरबॉक्स कोणता आहे आणि त्याचं तेल शेवटचं कधी बदललं? डिझेल इंजिनाचं काम करणारा हुशार मिस्त्री तुम्हाला यवतमाळात मिळेल, चंद्रपुरात मिळेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नीट बंद करणारा हात मात्र अख्ख्या विदर्भात मोजकाच, आणि तोही बहुतेक नागपुरात. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे. गाडी वाटेत अडली, तर टोइंगपासूनच खर्च सुरू होतो. म्हणून आपल्याकडच्या माणसाने ही गाडी मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकापेक्षा जास्त कडक नजरेने पाहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॉडेल ठरवण्याआधी गिअरबॉक्स ठरवा

ऑटोमॅटिक म्हणजे सगळे एकच नव्हेत. जुन्या लक्झरी एसयूव्हीत मुख्यतः दोन जाती सापडतात. एक टॉर्क कन्व्हर्टरवाला: यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचं जोडकाम असतं, म्हणून तो हळू सरकताना, चढावर थांबताना, चिखलातून निघताना सोसतो. दुसरा ड्युअल क्लचवाला: यात दोन क्लच आळीपाळीने काम करतात. गिअर झटकन पडतो, पण रांगत्या गतीत क्लच घासला जातो आणि तापतो.

आता आपल्याकडे गाडी कशी वापरली जाते ते आठवा. मे महिन्यातली वरात, पारा ४४ वर, एसी फुल आणि गाडी बँडमागे तासभर इंचाइंचाने सरकते आहे. नाहीतर शेतावरचा पांदण रस्ता, पावसाने काळ्या मातीचा चिखल झालेला, चाकं भरून आलेली. या कामासाठी मी तरी टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडीच सुचवतो.

नावं घेऊन सांगायचं तर झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा ८ स्पीड गिअरबॉक्स जुन्या गाड्यांत सगळ्यात भरवशाचा समजला जातो, आणि माझंही तेच मत. तो एफ-२५ पिढीच्या बीएमडब्ल्यू एक्स-३ मध्ये, एफ-१५ पिढीच्या एक्स-५ मध्ये, दुसऱ्या पिढीच्या ऑडी क्यू-७ मध्ये, लँड रोव्हर डिस्कव्हरी-४ च्या नंतरच्या गाड्यांत आणि २०१३ नंतरच्या रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये आहे. त्याच्या आधीचा झेडएफ ६ स्पीडही दणकट आहे, पण त्याच्या मेकॅट्रॉनिकला (गिअरबॉक्सच्या आतलं, गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) वायरिंग जिथून जाते त्या प्लास्टिकच्या स्लीव्हमधून तेल झिरपणं ही त्याची ओळखीची खोड. वेळेत पकडलं तर स्वस्त काम, दुर्लक्ष केलं तर तेल कमी होऊन क्लच प्लेटा जळतात.

मर्सिडीज एमएल आणि जीएलमधला ७ स्पीड चांगला चालतो. त्यात दुखतं ते कंडक्टर प्लेटचं. ही गिअरबॉक्सच्या आतली सेन्सरची प्लेट आहे. ती गेली की गाडी एकाच गिअरमध्ये अडकून लिंप मोडमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवत कसंबसं चालण्याच्या अवस्थेत जाते. व्होल्वो एक्ससी-६० आणि एक्ससी-९० च्या जुन्या पिढीत आयसिन कंपनीचा ६ स्पीड आहे. तेल बदललेलं असेल तर गुणी, नसेल तर व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचा दाब वळवून गिअर पाडणारा भाग) झटके द्यायला लागते.

पहिल्या पिढीच्या डिझेल ऑडी क्यू-५ मध्ये ७ स्पीड एस-ट्रॉनिक म्हणजे ड्युअल क्लच आहे. चालवायला फार गोड गाडी. पण याचं तेल ६०,००० किलोमीटरला बदलावंच लागतं आणि याच्या मेकॅट्रॉनिकच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. बिलं हातात नसतील तर ही गाडी सोडा. क्यू-३ मधला ७ स्पीडही ओल्या म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचचाच, पण जास्त मजबूत. तेलाचा हिशोब मात्र तोच.

आणि लोगोचा मोह नसेल तर २०१६ नंतरची फॉर्च्युनर ऑटोमॅटिक गावासाठी सगळ्यात कमी डोकेदुखीची. म्हणूनच ती जुनीही महाग मिळते. एन्डेव्हर ३.२ चा गिअरबॉक्स कामाला चांगला आहे, फक्त फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुट्या भागांची चौकशी आधी करून ठेवा.

रनिंग: आकड्यापेक्षा ते कसं झालं ते पाहा

८ वर्षांची गाडी, ४०,००० किलोमीटर. मालक छाती पुढे काढून सांगतो, आणि आपणही खूश होतो. जरा थांबा. ४०,००० झाले म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाला कोणीही हात लावलेला नाही, कारण किलोमीटरचा हिशोब लावणाऱ्याला वेळ आली असं वाटलंच नसणार. तेल मात्र वर्षांनीही म्हातारं होतं, रबरी सील कडक होतात. झेडएफ कंपनी स्वतः सांगते की तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांत, जे आधी येईल तेव्हा बदला. ‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ असं शोरूमपासून दलालापर्यंत सगळे सांगतात. गिअरबॉक्स बनवणाराच बदला म्हणतो तेव्हा मी बनवणाऱ्याचं ऐकतो.

याउलट समृद्धी महामार्गावर किंवा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर सरळ पळालेली १,२०,००० ची गाडी, दोनदा तेल बदलल्याच्या बिलांसह, मला जास्त पसंत पडते. हायवेवर गाडी वरच्या गिअरमध्ये लॉक होऊन चालते, गिअर कमी पडतात, तेल तापत नाही. शहरात तेवढ्याच अंतराला गिअर कित्येक पटींनी जास्त वेळा बदलतो.

हे पडताळायचा एक चांगला मार्ग आहे, तो फार थोडे लोक वापरतात. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावला की अनेक गाड्यांत इंजिन एकूण किती तास चाललं ते दिसतं. किलोमीटरला तासांनी भागा. ६०,००० किलोमीटर आणि ४,००० तास म्हणजे ताशी सरासरी १५. ही गाडी प्रचारात, वरातीत, साइटवर एसी लावून उभी राहिलेली आहे. १,२०,००० किलोमीटर आणि २,४०० तास म्हणजे सरासरी ५०, ही रस्त्यावर पळालेली. मीटर फिरवलेलं असेल तर तेही इथेच उघडं पडतं: तास ४,००० आणि मीटर ४५,००० म्हणत असेल तर ताशी ११ ची सरासरी येते, आणि खेड्यातल्या गाडीला ती सहसा जमत नाही.

मीटर फिरवणारा सहसा फक्त समोरच्या काट्याच्या युनिटमधला आकडा बदलतो. पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर ठिकाणीही राहते. बऱ्याच बीएमडब्ल्यूंच्या किल्लीत, काही गाड्यांच्या गिअरबॉक्स युनिटमध्ये, जुन्या फॉल्ट कोडच्या, म्हणजे बिघाडाच्या नोंदीच्या शेजारी. एखादा कोड १,३८,००० किलोमीटरला आल्याची नोंद आहे आणि मीटर ८६,००० दाखवतंय, मग पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

स्कॅनर नसेल तर डोळे वापरा. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची उतरताना घासणारी कड, सीट बेल्टचे विस्कटलेले धागे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३५,००० चाललेल्या गाडीला दुसरा किंवा तिसरा टायर संच असेल तर कारण विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागता येतात. मालक सोबत असेल तर काम सोपं होतं.

जाण्याआधी एक फोन

नागपूर किंवा पुण्यापर्यंत फुकट फेरी होऊ नये म्हणून फोनवरच विचारा: गिअरबॉक्सचं तेल कधी, कुठे बदललं, बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. ‘सगळं ओके आहे साहेब’ हे उत्तर धरू नका. दुसरी गोष्ट बजावून सांगा: मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर सगळ्यात आधी बोनेटवर हात ठेवा. उन्हात उभ्या गाडीचं बोनेट तसंही तापतं, म्हणून बोनेट उघडून इंजिनाजवळही हात नेऊन पाहा. इंजिन आधीच गरम असेल तर थंडीतला दोष लपवलेला असू शकतो. सकाळी लवकरची वेळ घ्या.

थंड गाडीवर पहिली पाच मिनिटं

गाडी सपाट जागी, ब्रेक दाबलेला. चालू केली की एक मिनिट तशीच राहू द्या. मग पी (पार्क) वरून आर (रिव्हर्स). पायाखाली हलकीशी ओढ जाणवली पाहिजे, तीही एक-दीड सेकंदाच्या आत. उशिरा लागला किंवा ‘धप्प’ करून लागला, तर लक्षात ठेवा. आर वरून डी (ड्राइव्ह), डी वरून आर, प्रत्येक वेळी मध्ये थोडं थांबून तीन-चारदा करा. मग डी मध्ये ब्रेक अलगद सोडा. गाडी आपोआप रांगायला हवी.

यानंतर एखाद्या उतारावर पी मध्ये टाकून हँडब्रेक न लावता ब्रेक सोडून पाहा. गाडी किंचित सरकून थांबली पाहिजे. पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करा आणि पाय ब्रेकवरच तयार ठेवा.

काही दलाल ब्रेक दाबून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण देऊन ‘पॉवर’ दाखवतात. ते करू देऊ नका. काही सेकंदांत टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल भयंकर तापतं.

चालवून पाहणं: किमान पाऊण तास

गल्लीतली चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. ऑटोमॅटिकच्या बहुतेक खोड्या तेल पूर्ण गरम झाल्यावरच बाहेर येतात. नागपूरच्या एका मिस्त्रीचं म्हणणं मला फार पटलं: ‘भाऊ, थंडी गाडी काहीच सांगत नाही. गरम होऊ द्या, मंग पाहा काय काय बोलते ते.’

आधी गावातून अगदी हलक्या पायाने चालवा. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएमचा काटा पाहत राहा. गिअर पडण्याआधी काटा क्षणभर वर उसळला आणि वेग वाढला नाही, म्हणजे क्लच प्लेटा घसरताहेत. सिग्नलजवळ गाडी आपोआप थांबू द्या. शेवटच्या १५-२० च्या वेगात मागून कोणी ढकलल्यासारखा झटका आला तर व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइडवर (त्यातला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) संशय घ्या.

मग मोकळा रस्ता. ५० ते ८० च्या दरम्यान, पाय अगदी अलगद ठेवून, सरळ रस्त्यावर. रस्ता गुळगुळीत असूनही गाडी रंबल पट्ट्यांवरून चालल्यासारखी थरथरत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) दुखतो आहे. विकणारा ‘टायरचं बॅलन्सिंग आहे’ म्हणेल. टायरची थरथर वेगाशी बांधलेली असते, पाय उचलला तरी जात नाही. लॉक-अपची थरथर पाय थोडा कमी-जास्त केला की बदलते.

लॉक-अप लागतो की नाही तेही पाहून घ्या, कारण अ‍ॅव्हरेजचा निम्मा हिशोब तिथे आहे. मागे गाडी नसताना ८० च्या स्थिर वेगात अ‍ॅक्सिलेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लागेल इतका नव्हे, फक्त दिवा लागेल इतका. बऱ्याच गाड्यांत लॉक सुटून आरपीएम थोडा वर जातो आणि पाय काढल्यावर पुन्हा खाली येतो. काटा हललाच नाही तर लॉक-अप मुळात लागतच नसेल. डाव्या पायाची सवय नसेल तर शेजारी बसलेल्या जाणकाराला चालवायला द्या आणि तुम्ही काटा पाहा.

घाट जवळ असेल तर सोन्याहून पिवळं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ही अशी चाचणी आहे की तिथे काही लपत नाही. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, वळणं सलग, गिअर सतत वर-खाली. चढताना वळणातून बाहेर पडून पाय दिला की गिअर लगेच खाली यायला हवा. उगाच दोन गिअरांत घुटमळणारी गाडी घाटात थकवते. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवते का ते पाहा.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) वेगळी तपासा. सपाट, कोरड्या मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी अडकून अडकून, उड्या मारल्यासारखी फिरत असेल तर ट्रान्सफर केसचा क्लच चिकटतोय. याच्याशी टायरांचा थेट संबंध आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत अशी जोडी असेल तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केस दिवसभर विनाकारण राबते. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये हे हमखास महागात पडतं.

परत आल्यावर गाडी बंद करू नका. गरम अवस्थेत डी-आर पुन्हा तीन-चारदा करा, सकाळच्या थंड अवस्थेशी ताडून पाहा. थंडीत बरा आणि गरमीत झटके देणारा गिअरबॉक्स आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. मुंबईत जे तेल कसंबसं निभावत होतं ते इथे हात टेकतं.

खाली वाकून, तेल पाहून

गाडी लिफ्टवर घ्यायला विकणारा नाही म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा. गिअरबॉक्सच्या पॅनभोवती, कूलरच्या नळ्यांभोवती, वायरिंगच्या सॉकेटजवळ ओल आहे का पाहा. झेडएफ ८ स्पीडचा पॅन प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच असतो. आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यावर पॅनला दगड लागतो, तडा बारीक असतो पण तेल जातं. पॅन नुकताच धुऊन चकाचक केलेला दिसला तर उलट जास्त बारकाईने पाहा.

शक्य असेल तिथे थोडं तेल बाहेर काढायला लावा. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. चांगलं तेल पारदर्शक कडा सोडत एकसारखं पसरतं. वापरलेलं तेल गडद होणारच, तेवढ्याने घाबरू नका. थेंबाच्या मधोमध काळा गोळा तसाच राहिला आणि कडेला फिकट रंग वेगळा पडला, तर त्यात क्लच प्लेटांचा घासलेला मसाला आहे. मग वास घ्या. करपलेला वास एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि तो आला तर प्लेटा जळल्यात. आता कागद उन्हात तिरका धरा. बारीक सोनेरी चमक दिसली तर बुश झिजताहेत, चंदेरी चुरा दिसला तर लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम. ‘तेल लाल हवं’ असं सगळे सांगतात, पण झेडएफ ८ स्पीडचं कंपनीचं तेल हिरवट असतं आणि ड्युअल क्लचचं पिवळसर, म्हणून रंगापेक्षा वास आणि कण पाहा.

पॅन उघडायला मिळाला तर त्यातले लोहचुंबक काढा. त्यावर काजळासारखा मऊ करडा थर असतोच, तो बोटाने पुसला जातो. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर सौदा संपला.

तेल गुलाबीसर दुधाळ दिसलं तर कूलर फुटून कूलंट आत शिरलंय, नाहीतर गाडी पुरात बुडालेली आहे. क्लच प्लेटांवरचा थर डिंकासारख्या गोंदाने चिकटवलेला असतो, पाण्याने तो सुटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात अंबाझरी भागात पाणी शिरलं तेव्हा कित्येक महागड्या गाड्या पाण्यात होत्या. चेन्नई, मुंबई, हैदराबादच्या पुरातल्या गाड्याही लिलावातून फिरत फिरत इथवर येतात. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या भागातला गाळाचा डाग आणि स्पेअर व्हीलची खोबण पाहायला विसरू नका.

स्कॅनर

बाजारात मिळणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, गिअरबॉक्सचे बहुतेक वेळा नाही. ऑडीसाठी व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, किंवा निदान लाँच-ऑटेलसारखा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या. त्याचे दोन-चार हजार वाचवू नका.

एकही कोड नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानू नका. कोड पुसून काहीच वेळ झाला असेल तर ते कळतं: ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ ही नोंद पाहा. ती १२ किलोमीटर दाखवत असेल तर आज सकाळीच पुसलेत. अशा वेळी टेस्ट ड्राइव्हच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्कॅन करा. ‘बॅटरी वीक आहे, म्हणून गिअरबॉक्सचा दिवा येतो’ हे विकणाऱ्याचं म्हणणं कधीकधी खरं असतं. मग नवी बॅटरी त्यानेच बसवावी, आणि दिवा परत येतो का ते त्यानंतर पाहू.

अ‍ॅव्हरेजचं खरं गणित

दोन टनांहून जड, ३ लिटर डिझेल एसयूव्ही गावात ८-९ आणि हायवेवर शांत चालवली तर ११-१२ च्या आसपास देते, ही मनाची तयारी ठेवा. २ लिटर डिझेल त्याहून बरी. विकणारा ‘पंधरा देते’ म्हणाला तर टाकी फुल करून, शंभर किलोमीटर चालवून, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, तो बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो.

अ‍ॅव्हरेज अचानक कमी झालं तर गिअरबॉक्सकडेही पाहावं. लॉक-अप लागत नसेल, किंवा वरचा गिअर पडतच नसेल, तर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं. झेडएफ ८ स्पीडच्या ३ लिटर डिझेल एक्स-५ मध्ये ताशी १०० ला आठव्या गिअरमध्ये आरपीएम साधारण दीड हजाराजवळ राहतो. तिथे दोन हजारांवर काटा असेल तर कारण शोधा.

पेट्रोल घ्यायचं मनात असेल तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. शिवाय २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले असतीलच असं नाही. खेड्यातून रोज बारा-पंधरा किलोमीटरच चालणार असेल तर डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. अशा माणसाने दर आठवड्याला एकदा तासभर तरी हायवेवर पळवावी.

भाव आणि कागद

गाडीच्या किमतीशेजारी कागदावर एक वेगळी रक्कम लिहा: गिअरबॉक्ससाठी. तेल-फिल्टर-पॅनचं काम हजारांत होतं, मेकॅट्रॉनिक लाखाच्या पुढे जातं, पूर्ण ओव्हरहॉल काही लाखांत. ज्या गाडीसाठी तुम्ही खिसा पूर्ण रिकामा करता आहात ती गाडी तुम्हाला परवडत नाही. १२ लाख असतील तर ९ ची गाडी पाहा. तेल बदलल्याचं बिल नसेल तर तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या, हा आपला हक्क आहे.

कागदांचं थोडक्यात: एमपरिवहन अ‍ॅपवर आरसी, मालक कितवा, कर्ज, विमा पाहा. चलनं थकली आहेत का पाहा. कर्ज फिटलं असेल तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि महाराष्ट्राचा कर किती बसेल तो आकडा तुमच्या आरटीओतून सौद्याआधी काढा. दिल्लीची स्वस्त गाडी या कराने बरीचशी महाग होते. १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि हरित कर आहेच, म्हणून १३-१४ वर्षांची गाडी घेताना तो खर्च आजच जोडा.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात

बिल असो वा नसो, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदला. कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं तेल घ्या. ‘सगळ्याला चालतं’ अशा कॅनला हात लावू नका. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून ठरलेल्या तापमानालाच मोजतात, झेडएफ ८ स्पीडला ते ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडची हवाच ४५ असते, मग ते तापमान हातचं निसटतं आणि तेल कमी भरलं जातं. हे काम सकाळी सातला करून घ्या. मशीनने दाबून फ्लश करायचा आग्रह कोणी धरला तर नको म्हणा, काढा आणि भरा हीच पद्धत, हवं तर काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

रेडिएटर आणि गिअरबॉक्स कूलरच्या जाळ्या उन्हाळ्याआधी धुऊन घ्या. कापूस-सोयाबीनच्या हंगामात त्यात इतका भुसा आणि धूळ बसते की हवाच जात नाही. चिखलात चाक फिरत राहिलं तर अ‍ॅक्सिलेटर देत बसू नका. पुढे-मागे डी-आर झटपट टाकून गाडी झुलवणं हा या गिअरबॉक्सवर सगळ्यात मोठा अत्याचार आहे. उतरून दगड-फांद्या टाका, नाहीतर शेजारचा ट्रॅक्टर बोलवा.

ट्रॅक्टरने ओढायचं ते फक्त चिखलातून बाहेर निघेपर्यंत. रस्त्यावर बंद पडलेली फोर-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक दोन चाकं उचलून किंवा दोरी बांधून गॅरेजपर्यंत ओढत नेली, तर आधी नसलेला बिघाडही होतो, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप तेल फिरवत नाही. जवळच्या मोठ्या गावातल्या फ्लॅटबेड टोइंगवाल्याचा नंबर आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि फोनवरच त्याला सांगा: चारही चाकं वर घेणारी गाडी पाठवा.